दौलताबादचा हौद आणि आपल्या सहली

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या पोरांची सहल ठरत होती. ग्रुपवर दोन दिवस नुसते फोटो पडत होते. अलिबाग, लोणावळा, मनाली, कुणीतरी थायलंडसुद्धा टाकले. आम्ही 'जुन्नर' असे लिहिले, तर एकाने विचारले, "तिथं काय आहे? अष्टविनायक?" आणि चळवळीत वीस वर्षे काढलेले एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "फिरणं हा आपला विषय नाही. आधी पोरांच्या शिष्यवृत्त्या अडल्यात त्यांचं बघा."

शिष्यवृत्तीचे बघायचेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण फिरणे हा आपला विषय नाही असे ज्यांना वाटते त्यांनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा एकदा काढून वाचावे. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी त्यांच्यापुढे सहलीची इच्छा मांडली. बाबासाहेब तयार झाले. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच, असे ठरले. तीसेक माणसे निघाली. अस्पृश्य म्हणून वाटेत त्रास नको, यासाठी त्यांनी दौऱ्याचा गाजावाजा केला नव्हता, ओळख दाखवायची नाही असेच ठरवले होते. निजामाच्या हद्दीत दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला हौद होता. अंगावर प्रवासाची धूळ होती, म्हणून मंडळींनी हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत धावत आला. धेडांनी हौद बाटवला म्हणून गर्दी जमली, शिवीगाळ झाली. तुमचा धर्म हेच शिकवतो का, उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यावर अडवाल का, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा गर्दी गप्प झाली. शेवटी किल्ला बघू दिला, पण सोबत हत्यारी शिपाई देऊन. आत कुठल्या पाण्याला हात लागू नये म्हणून.

महाडला सात वर्षे होऊन गेली होती आणि येवल्याची घोषणा पुढच्याच वर्षीची. मधल्या काळातली ही सहल आहे. ज्या समाजाच्या पुढाऱ्यालाही साधे स्थळदर्शन असे पहाऱ्यात करावे लागले, त्या समाजाला फिरणे ही चैन कशी वाटेल?

आणि तो शिपाई गेला असेही नाही. दोन वर्षांपूर्वी कोकणात एका गावी आम्ही फोनवर खोल्या ठरवल्या होत्या. पोहोचलो तेव्हा मालकाने गाडीतला निळा झेंडा बघितला, आडनाव विचारले, मग पाण्याची मोटर बिघडल्याचे सांगितले. पाणीच आठवले त्याला! रात्र शेजारच्या बौद्धवाडीतल्या विहारात काढली. तिथल्या आयाबायांनी अकरा वाजता चूल पेटवून भाकऱ्या थापल्या. त्या रात्री त्या गावाबद्दल जेवढे कळले तेवढे त्या खोलीत राहून कळले नसते, हेही खरे. पण म्हणून त्या मालकाचे आभार मानायची आमची तयारी नाही.

आता जुन्नर. लेण्याद्रीला माणसे गिरिजात्मजाच्या दर्शनाला पायऱ्या चढतात. गणपती बसवला आहे ते सात नंबरचे लेणे भिक्खूंचे विहार आहे. भिंतींना लागून त्यांच्या राहण्याच्या खोल्या आहेत. शेजारचे सहा नंबर म्हणजे चैत्यगृह, आत स्तूप. मानमोडी, शिवनेरी, तुळजा हे सगळे धरून जुन्नरभोवती दोनशेच्या वर लेणी कोरलेली आहेत. आम्ही पोरांना नेले ते शिलालेखांसाठी. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिले असा एक लेख आहे. यवनांची नावे आहेत. एका लेखात वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कासारांच्या श्रेणीकडे पैसे ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे संघासाठीची ठेव बांबूचे काम करणाऱ्यांकडे असायची! आमच्यासोबत बुरूड समाजातला एक मुलगा होता. तो बराच वेळ तिथून हलला नाही. आजचा बुरूड हा त्यांचाच थेट वंशज, असे आम्ही म्हणत नाही. आमच्याकडे तसा पुरावा नाही. पण ज्या धंद्याला गावाने वेशीकडे ढकलले, त्याच धंद्याच्या माणसांवर त्या काळी ठेवीसाठी विश्वास होता, हे दगडावर लिहिलेले आहे.

इथेच आपल्या माणसांशीही थोडे भांडायचे आहे. लेण्यात जाऊन "हे आमचं होतं" अशी रील टाकून खाली उतरणारे खूप झाले. प्रत्येक देऊळ म्हणजे विहारच, असे फॉरवर्ड करणारेही खूप झाले. त्यातले थोडेच लोक धम्मलिपीतले एखादे अक्षर ओळखतात. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. तिथल्या लेखांत डोंगराचे नाव तिरण्हु आहे, हे सांगायला आपल्याला आवडते. पण तिथेच दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने दोन हजार आणि एक हजार कार्षापण ठेवले. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, अशी ती सोय होती. आणि याच उषवदाताने ब्राह्मणांना गायी आणि गावे दान दिल्याचेही तिथेच कोरलेले आहे. हे वाचून दाखवले तेव्हा आमचा एक पोरगा हिरमुसला. "मग तो आपला की त्यांचा?" असे त्याने विचारले. त्या प्रश्नावर तासभर चर्चा झाली. आमच्या मते त्या दिवशीची खरी सहल तीच. जे लिहिले आहे ते सगळे वाचायचे, सोयीचे तेवढेच नाही. नाहीतर पांडवांचे नाव चिकटवणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

खर्चाचे म्हणाल तर जुन्नरला आम्ही एसटीने गेलो, जेवणाचे डबे घरून नेले. मेणबत्त्या आणि उदबत्त्या नेल्या नाहीत, काजळी धरते. एका उपासकाला ते रुचले नाही, पण त्रिशरण-पंचशील घेतल्यावर तोही शांत झाला. उतरताना पोरांनी गोणीभर वेफर्सची पाकिटे गोळा केली. त्यातली दोन-चार आपलीच होती.

आता अश्विन पौर्णिमेनंतर कुड्याला जायचे आहे, रायगड जिल्ह्यात. सव्वीस लेणी आहेत आणि दान देणाऱ्यांत एक माळी आहे. मधल्या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचन चालेल, तेव्हा रविवारी वाचन संपल्यावर एक तास धम्मलिपीचा ठेवला आहे. शिष्यवृत्तीचे अर्जही तिथेच भरून घेऊ. ते जुने कार्यकर्ते यायला तयार झालेत. गुडघे दुखतात, पण डोंगर फार उंच नाही असे आम्ही त्यांना सांगितले आहे.