बेटावरचा इग्वाना आणि कर्जतचा माळ

होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यासमोरील उटिला या लहानशा बेटाखेरीज पृथ्वीवर अन्यत्र कोठेही आढळत नाही असा काटेरी शेपटीचा एक इग्वाना १९०१ मध्ये शास्त्रज्ञांच्या दप्तरी दाखल झाला. त्याची वस्ती तिवरांच्या पोकळ खोडांत आणि गुजराण बहुतांशी खेकड्यांवर. परंतु अंडी घालण्यासाठी मादीला दलदल सोडून किनाऱ्यावरील तापल्या वाळूत यावे लागते, आणि पिलांना पुढे तीच वाट उलट चालावी लागते. तिवरांची तोड, किनाऱ्यावरील बांधकामे आणि गाभण माद्यांची शिकार यांमुळे ही जाती आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. तेथे केवळ तिवरे राखून वाळू गमावली, तर सारे रक्षण व्यर्थ होय.

हे दूरदेशीचे प्रकरण येथे मांडण्याचे प्रयोजन असे की, कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य, १९८० साली स्थापन झालेले आणि अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे, शेतजमिनींच्या मुलखात एका बेटासारखेच उभे आहे. काळविटांची गणना आपण निष्ठेने करतो. परंतु दख्खनच्या अशा विरळ गवताच्या माळांवर नांदणाऱ्या, २०१६ मध्ये ‘सरडा’ (Sarada) या स्वतंत्र प्रजातीत गणल्या गेलेल्या लहान सरड्यांची दखल आपल्या नोंदवह्यांत क्वचितच असते. उन्हाळ्यात नर दगडावर चढून गळ्याखालची निळी, काळी, नारिंगी त्वचा पंख्याप्रमाणे क्षणोक्षणी उलगडतो आणि मिटतो. मादी मोकळी माती उकरून तीत अंडी घालते आणि खळगा बुजवून निघून जाते. ज्या भूमीला आपण रिकामी समजून चर खणतो आणि रोपांचे खड्डे घेतो, तीच तिची प्रसूतिशाला असते.

नुसती संख्याही पुरेशी साक्ष देत नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी घटले आणि सरडे वाढले, परंतु नरांचे रंग फिके पडले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे.

म्हणून आमच्या वनरक्षक आणि वनपाल वाचकांना आग्रहाची विनंती आहे की, गस्तीच्या नोंदवहीत सरड्यांसाठी एक रकाना राखावा, त्यात नरांचे रंग, अंड्यांच्या जागा आणि शिकारी पक्षी यांची नोंद करावी, आणि माळावर कुदळ पडण्यापूर्वी ती नोंद वरिष्ठांसमोर ठेवावी. गवताळ माळावर दाट झाडी लावणे हे त्या माळाचे संरक्षण नव्हे.