हजेरीपटावरील ती नावे

मराठवाड्यातील शाळांच्या वर्षात सप्टेंबर महिना दोन स्मृतींचा आहे. १७ सप्टेंबरला नांदेडपासून लातूरपर्यंत शाळाशाळांतून मुक्तिसंग्रामाचा ध्वज चढतो, स्वामी रामानंद तीर्थांचे स्मरण होते, १९४६ साली हौतात्म्य पत्करलेल्या गोविंदराव पानसरे यांची कथा मुलांच्या कानी पडते. तेथून बरोबर तेराव्या दिवशी ३० सप्टेंबर उजाडतो. त्या दिवशी किल्लारीच्या स्मृतिस्थळावर आदरांजली वाहिली जाते. शाळांच्या दृष्टीने मात्र हा दिवस इतर दिवसांसारखाच एक होत चालला आहे, हे कबूल केले पाहिजे.

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे उशिरा निजली आणि गुरुवारच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर आणि त्यांच्या भोवतालची ५२ गावे पूर्णपणे भुईसपाट झाली. किती माणसे गेली? कोणी आठ हजारांच्या आसपास सांगतो, कोणी दहा हजारांच्या. तीन दशके उलटूनही आकडा दोन हजारांनी मागेपुढे होतो, याचा अर्थ एवढाच की आपण माणसे मोजली, त्यांची नावे जपली नाहीत.

शाळांच्या बाबतीत हा विसर आणखी सहज घडला. काळ रात्रीचा होता. वर्ग रिकामे होते. मुले गेली ती आपापल्या घरात, आईबापांच्या शेजारी. म्हणून त्यांची गणना कुटुंबाच्या खात्यात झाली, मदतीचे कागदही घराघराच्या नावे झाले. २००१ च्या २६ जानेवारीला कच्छमधील अंजार येथे प्रजासत्ताक दिनाची मिरवणूक अरुंद गल्लीतून जात असताना दोनशेहून अधिक विद्यार्थी व शिक्षक ढिगाऱ्याखाली सापडले. ती हानी शाळेची म्हणूनच ओळखली गेली आणि २०२२ मध्ये त्या मुलांचे स्वतंत्र स्मारक उभे राहिले. वेल्समधील अबरफान येथे १९६६ साली कोळशाच्या खाणीतील टाकाऊ मातीचा डोंगर शाळेवर घसरला व ११६ मुले दगावली. शाळेच्या जागी आज स्मृतिउद्यान आहे. किल्लारी परिसरातील शाळांना असे कोणतेही स्थळ लाभले नाही. त्यांच्यापाशी उरले ते केवळ रिकामे बाक, आणि बाकांवर पुढे दुसरी मुले बसली.

तथापि शाळेपाशी एक वस्तू असते, जी तहसील कचेरीपाशी नसते. ती म्हणजे जनरल रजिस्टर. त्यात प्रत्येक मुलाचा अनुक्रमांक, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस असतो आणि एक रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा असतो. ‘पुढील शिक्षणासाठी’, ‘वडिलांची बदली’ अशा निरुपद्रवी शब्दांनी तो एरवी भरतो. १९९३ च्या ऑक्टोबरात त्या रकान्यात लेखनिकाने काय लिहिले असेल, आणि कोणत्या हाताने, याची कल्पना करावी. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. ते कार्य मोठे होते, यात शंका नाही. पण गावच्या शाळेतून तीही नावे कमी झालीच.

आमची सूचना साधी आहे. भूकंपग्रस्त गावांतील प्रत्येक शाळेने आपले रजिस्टर काढून त्या पहाटे गेलेले विद्यार्थी, शिक्षक व शिपाई यांची नावे उतरून काढावीत आणि दर ३० सप्टेंबरला पहिल्या तासाला ती हजेरीसारखी वाचावीत. पाहुणे नकोत, भाषणे तर मुळीच नकोत. ज्या घरांना हे सोसणार नाही, त्यांना आधी विचारावे. काही शाळांची दप्तरेच गाडली गेली असतील. तेथे जुन्या शिक्षकांची आठवण हेच दप्तर. पण त्या वेळी तिशीत असलेला शिक्षक आज निवृत्त झालेला आहे, हेही ध्यानात घ्यावे. लातूरच्या शाळांत गुणवंतांच्या नावांचे फलक दिमाखाने झळकतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्याच भिंतीवर आणखी एका फलकास जागा होईल, इतकेच.

जखमेची खपली कशाला काढावी, असे काही पालक विचारतील. त्यांचे म्हणणे हृदयशून्य नाही. परंतु ही माणसे भूकंपाने मेली, हे अर्धेच सत्य आहे. त्यांना मारले ते माळवदाने. मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी त्यावर दरसाल नवी माती. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असे, आणि हादऱ्याने भिंत फुटताच सारा भार निजलेल्यांवर कोसळे. वस्तुतः १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसराला धक्के बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का तर चांगलाच जाणवला होता. पण त्या काळच्या नकाशात हा टापू सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. तो तिसऱ्या पट्ट्यात आला २००२ साली.

नांदेडकरांनी हे दुसऱ्या जिल्ह्याचे दुःख समजू नये. २१ मार्च २०२४ रोजी आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि नांदेड शहरातील माणसे सकाळी घराबाहेर धावली. कंधार-मुखेडकडील खेड्यांतून जुनी माळवदे अद्याप उभी आहेत, त्यांत शाळकरी मुले निजतात. नावे वाचून झाली की विज्ञानाच्या शिक्षकाने पुढचा तास घ्यावा, मुलांना आपल्याच गावातील भिंती दाखवाव्यात, जोडदगड कोठे आहे, वरच्या मातीचा थर किती वाढला आहे, हे त्यांच्याकडून मोजून घ्यावे. त्यासाठी शिक्षण खात्याच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. औसा, निलंगा, उमरगा आणि लोहारा तालुक्यांतील मुख्याध्यापकांनी तूर्त कार्यालयातील कपाट उघडावे आणि १९९३ चे रजिस्टर वाळवीपासून शाबूत आहे की नाही, तेवढे पाहावे.