दुपारी बाहेर पडू नका… म्हणजे नेमकं कोणी?

एप्रिल उजाडला की प्रत्येकाच्या फॅमिली ग्रुपवर तेच पोस्टर फिरायला लागतं. दुपारी बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, ताक-सरबत घ्या. सल्ला चुकीचा अजिबात नाही. फक्त तो ज्यांना पाळता येतो, ते बहुतेक आधीच पंख्याखाली किंवा एसीत बसलेले असतात.

जून २०२४ मध्ये उत्तर भारत होरपळत होता. तेव्हा एका मोठ्या फूड डिलिव्हरी कंपनीने ग्राहकांना आवाहन केलं, की अगदीच गरज नसेल तर भर दुपारी ऑर्डर करणं टाळा. सोशल मीडियावर लगेच दोन तट पडले. काहींना हे माणुसकीचं वाटलं. काहींनी विचारलं, एवढी काळजी आहे तर दुपारी सेवाच बंद का नाही ठेवत? मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, पण तोही अर्धाच आहे. सेवा बंद ठेवली तर त्या तीन तासांचे पैसे रायडरला कोण देणार?

आमच्या कॉलेजसमोर सावली शोधत थांबलेल्या एका रायडरला मी विचारलं, “दादा, दुपारी लॉगआउट का नाही करत?” तो हसला. “ताई, जेवणाच्या ऑर्डरी दुपारीच येतात ना!” उन्हाची वेळ आणि कमाईची वेळ एकच. बांधकामावरचा मजूर, भाजीची हातगाडी, कचरा गोळा करणाऱ्या मावशी, शेतमजूर, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच गणित. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये अंदाज मांडला होता, की उष्णतेच्या ताणामुळे २०३० पर्यंत भारतातले ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील. म्हणजे साधारण ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांएवढं काम.

ऊन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चंद्रपूर, ब्रह्मपुरी येतं. विदर्भातली माणसं तर मुंबई-पुणेकरांच्या उकाड्याच्या स्टोऱ्यांना हसतात. पण १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये काय झालं ते आठवा. उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता, लाखोंची गर्दी होती आणि उन्हाच्या त्रासाने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी जवळच्या हवामान केंद्रावर तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. विदर्भात हा आकडा कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंडच होत नाही. त्यात तासन्‌तास डोक्यावर छप्पर नाही.

हवामान खात्याच्या निकषात किनारपट्टीसाठी मर्यादा कमी आहे हे खरं. मैदानी भागात ४० अंश, तर किनाऱ्यावर ३७. पण दोन्हीकडे साधारणपणे तापमान सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल, तेव्हा ‘उष्णतेची लाट’ म्हणतात. अंगाला प्रत्यक्ष किती ताण बसतो हे एवढ्या एका आकड्यात मावत नाही. खारघरनंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर सरकारी कार्यक्रम घ्यायचे नाहीत असं ठरवलं. चांगलं झालं. पण भर दुपारी उघड्यावर काम करणाऱ्यांचं काय?

याबाबतीत अहमदाबादचं नाव नेहमी घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला हीट अ‍ॅक्शन प्लॅन तिथे तयार झाला. आधीच इशारा द्यायचा, दवाखान्यांना तयार ठेवायचं, पाण्याची सोय करायची. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी असे प्लॅन केले.

कागदावर प्लॅन भरपूर झाले. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने २०२३ मध्ये देशातले असे ३७ प्लॅन तपासले. पैसे कुठून येणार याबद्दल फक्त ११ प्लॅन बोलत होते. सर्वांत जास्त धोका कोणाला आहे, याचा रीतसर अभ्यास करून तो मांडणारे होते फक्त २. आपल्याकडे ‘कृती आराखडा’ या शब्दात कृती बरेचदा नावापुरतीच असते, त्यातलाच हा प्रकार.

पैशांची गाठ आणखी वर आहे. आपत्ती निवारण निधीसाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या १२ आपत्तींमध्ये पूर, दुष्काळ, चक्रीवादळ होतं, थंडीची लाटही होती. उष्णतेची लाट नव्हती! ही यादी वाढवा अशी राज्यांची मागणी होती, पण २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाला त्याची गरज वाटली नाही. राज्यांना आपल्या निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींवर खर्च करता येतो. तमिळनाडूने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच केलं. उष्णतेची लाट राज्य आपत्ती ठरवून मृतांच्या कुटुंबाला ४ लाख रुपयांची मदत जाहीर केली. अर्थात मदत मिळायला मृत्यू उष्माघाताने झाला हे आधी सिद्ध व्हावं लागतं. कागदावर ‘हृदयविकार’ असं लिहिलं की विषय संपला.

जिवंत माणसाच्या बुडालेल्या दिवसाचा विचार ‘सेवा’ या महिलांच्या संघटनेने केला. तिच्या विमा योजनेत २०२४ मध्ये राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या ५० हजार महिला होत्या. तापमान ४० अंशांच्या वर गेलं की दावा, पंचनामा काही नाही, ४०० रुपये थेट खात्यात. ४०० रुपये म्हणजे फार नाहीत. पण ‘बाहेर पडू नका’ या सल्ल्यासोबत पैसे देणारं हे मला सापडलेलं एकमेव उदाहरण.

पर्यावरणासाठी आमची पिढी रस्त्यावर उतरते. आरेसाठी उतरली, प्लास्टिकविरोधी मोहिमांत असते, झाडं लावते, त्याचे रीलही करते. पण बांधकाम मजुरांना दुपारची पगारी सुट्टी द्या, असं पोस्टर मी कुठल्याही क्लायमेट मार्चमध्ये पाहिलेलं नाही. तो ‘कामगारांचा विषय’ वाटतो, आपला नाही. कतारसारख्या देशात, जिथे कामगारांच्या हक्कांवरून जगभर टीका झाली, तिथेही २०२१ पासून उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी आहे. शिवाय तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा मिळून काढलेला निर्देशांक ३२.१ च्या वर गेला, तर वेळ कुठलीही असो, काम थांबवावं लागतं. त्या साइट्सवर भारतातूनच गेलेले कितीतरी मजूर आहेत. आपल्याकडच्या कारखाना कायद्यात तापमानाचा मुद्दा होता, पण तो कारखान्याच्या छपराखालचा. रस्त्यावर, शेतात, स्लॅबवर काम करणाऱ्यांसाठी काम थांबवण्याचा असा आकडा कायद्यात नाही. कितव्या अंशाला हातातलं काम खाली ठेवायचं, हे सध्या मुकादम आणि अ‍ॅप ठरवतात.