जंगल मोजायचं कुणी?



ज्या गावांना सामूहिक वनहक्काचा कागद मिळाला तिथे आता पुढचा प्रश्न येतो, की आता काय? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं. तेंदूचा लिलाव आणि बांबूची तोड. दोन्हीतून पैसा येतो, घर चालतं, त्याला माझा विरोध नाही. पण जंगलात काय उरलं आहे, माती कशी आहे, नाला मागच्या सालापेक्षा लवकर आटला का, हे न पाहता तोड ठरवणं म्हणजे कणगीत हात न घालता गावजेवण बोलावणं.

ग्रामसभेत हे बोललं की कुणी तरी म्हणतं, "मोजमाप कायले पाहिजे? आपला जंगल आपल्याले माहीत नाही का?" माहीत आहे, खरंच आहे. कोणत्या मोहाला आधी फुलं येतात ते आमच्या म्हाताऱ्या बाया डोळे मिटून सांगतात. पण ते त्यांच्या डोक्यात आहे. खात्याकडे रजिस्टर आहे. वाद झाला की साहेब रजिस्टर उघडतो आणि आपल्याकडे नुसतं तोंड असतं. मग "गाववाल्यांनीच जंगल खाल्लं" असं लिहून जातो आणि आपण ऐकून घेतो.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ मध्ये जंगल, वन्यजीव, पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. २०१२ च्या दुरुस्त नियमांत तर ग्रामसभेच्या समितीने स्वतः व्यवस्थापन आराखडा करावा असं लिहिलं आहे. आराखडा कशावर करणार? दुसऱ्याने मोजलेल्या आकड्यांवर?

मातीपासून सुरू करा. सरकारने २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आणली, त्यात १२ गोष्टी तपासतात. कोरडवाहू भागात १० हेक्टरला, म्हणजे २५ एकराला, एक नमुना. आपल्याकडे दोन एकरात कन्हार, मोरांड आणि बरड तिन्ही सापडते. एका नमुन्यात ते कसं मावणार? आणि ती पत्रिका शेताची, जंगलाची नाही. आपली तपासणी साधी आहे. दोन्ही तोंडं उघडा असलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार बोटं ठोका, तांब्याभर पाणी ओता, मुरायला किती वेळ लागला ते घड्याळात पाहा. दाट झाडीखाली एकदा, गुरं बसतात तिथे एकदा, जळलेल्या जागी एकदा. दुसरं, मातीचं वाळलेलं ढेकूळ हळूच पाण्याच्या ग्लासात सोडा. लगेच विरघळून गाळ झाला तर त्या मातीत पालापाचोळ्याचा कस राहिलेला नाही, पाऊस ती वाहून नेणार. गांडुळाची विष्ठा दिसते का तेही लिहा.

पाण्याचं तर अजून सोपं. विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडायची, हातभर अंतरावर गाठी मारलेली. पोळा, दिवाळी, होळी आणि मृगाच्या आधी, सालात चारदा. नाल्यातला दगड उलटा करून पाहा. बारीक तीन शेपट्यांच्या अळ्या दगडाला चिकटलेल्या असतील तर पाणी चांगलं. नुसते लाल किडे गाळात वळवळत असतील तर वरून घाण येते आहे, ती कुठून ते शोधा. पोरंसोरं हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतात, खेकडे पकडताना दगड उलटे करायची त्यांना सवयच आहे.

झाडांचं मोजताना सगळेच फक्त मोठी झाडं मोजतात. खरी गोष्ट खाली आहे. दोरीने दहा मीटर बाय दहा मीटर चौकोन आखा आणि त्यात मोह, चार, येन, बेहडा यांची रोपं किती, कंबरेएवढी किती, मोठी किती, असं वेगवेगळं लिहा. मोठे मोह पुष्कळ आणि रोप एकही नाही असं निघालं तर तो मोह म्हाताऱ्यांचं गाव आहे. बांबूत प्रत्येक रांजीत या सालचे कोवळे किती, जुने किती, तेही. वास्ते किती काढले हे विसरू नका. रायमुनिया कुठपर्यंत पसरली तेही नकाशावर खुणावा.

आता अडचणीची गोष्ट. अशी मोजणी केली तर काही आकडे आपल्या विरोधात जातील. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली आग आपणच लावतो, त्यात रोपं जळतात. तेंदूला चांगली पालवी यावी म्हणून छाटणी आणि आग होते, तीही आपल्याच हातून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने या कारणासाठी तेंदू तोडणंच बंद केलं, बांबूवर भर दिला आणि जंगलाचा एक भाग देवराई म्हणून राखला. मेंढा लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरचा हक्क मिळाला, पण त्याच्या खूप आधीपासून तिथे अभ्यासगट बसत होते. निर्णय त्यातून आले.

पण पाचगावची नक्कल करा असं मी म्हणत नाही. ज्या घराकडे जमीन नाही, त्याची वर्षाची रोकड तेंदूच्या पंधरा दिवसांत येते. आग बंद, छाटणी बंद असा ठराव करणं शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना सोपं आहे. तोटा मात्र त्या घराचा. म्हणून ठरावाच्या त्याच कागदावर बांबूच्या पैशातून त्या घरांना किती मजुरी, किती दिवस, हे लिहिलेलं पाहिजे. नाही लिहिलं तर मी स्वतः त्या ठरावाच्या विरोधात हात वर करीन.

मोजणी समितीत अर्ध्याहून जास्त बाया हव्यात, आणि नावापुरत्या नकोत. सरपण, पाणी, भाजी, मोह यांसाठी रोज जंगलात त्याच जातात. लिहिणारं एखादं बारावी झालेलं पोर सोबत द्या. वही दोन ठेवा, एक ग्रामसभेत, एक दुसऱ्या घरी. वाळवी आणि साहेब दोघांपासून वाचेल. प्रत्येक पानावर तारीख आणि हजर असलेल्यांच्या सह्या, अंगठे.

मृग यायच्या आत पहिली नोंद झाली पाहिजे. पावसाआधीची विहीर एकदा चुकली तर पुढच्या सालापर्यंत थांबावं लागतं.