शाळेत कोडिंग येणार, म्हणून आपण क्लास काढायचा का?



गेल्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं. "सर, नवीन शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे. तालुक्याच्या गावी कोडिंग क्लास टाकला तर चालेल का?"

चालेल हो. पण थांबा, आधी माझं ऐका.

आमच्या एका बॅचला घरगुती मसाल्यांचा धंदा करणारी एक ताई आली होती. दहावीच्या गुणपत्रिकेत कॉम्प्युटरला 'अ' श्रेणी. मिरची, धणे, पॅकिंग, मजुरी, सगळा खर्च वहीत लिहिलेला. मोबाईलवरच्या शीटमध्ये बेरीज कशी करायची, हे मात्र कधी कुणी दाखवलंच नव्हतं. उद्यम नोंदणीसाठी तिने एका दुकानात आठशे रुपये मोजले होते. सरकारी पोर्टलवर ही नोंदणी फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, बस! मग ती 'अ' श्रेणी कशाची होती?

मी ताईला दोष देत नाही. आमच्या गावच्या शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा हार घालून, नारळ फोडून पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. बिघडला तर जबाबदार कोण? आणि वीजबिल कोण भरणार? मास्तरांचंही काही चुकलं असं नाही, त्यांच्या जागी मी असतो तर मीही कुलूपच लावलं असतं.

२०२० च्या धोरणात कोडिंग लिहिलंय, ठीक आहे. पण केंद्राच्याच यूडायस प्लसच्या २०२३-२४ च्या अहवालात चालू स्थितीतले कॉम्प्युटर असलेल्या शाळा देशभरात ५७.२ टक्के होत्या, इंटरनेट असलेल्या ५३.९ टक्के. म्हणजे तेव्हा दहातल्या चार शाळांत विषय शिकवायचा तो फळ्यावर!

केरळचं बघा. २००१ मध्ये त्यांनी आयटी ॲट स्कूल सुरू केलं, पुढे मोफत मिळणाऱ्या लिनक्सवर गेले, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा खर्च वाचला. आणि दहावीला आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा. माझ्या मते खरी मेख इथे आहे. मुलाला मशीनवर बसून काम करून दाखवायचंय म्हटल्यावर कुलूप काढावंच लागतं. आपल्याकडेही सक्ती करायची तर अशी करा, नुसती वेळापत्रकात तासिका टाकून काय होणार?

आता तुमच्या क्लासचं. शाळेने शिकवायचं ते शिकवलं नाही म्हणून पालकांना घाबरवून सहावीच्या पोराला 'ॲप डेव्हलपर'चं सर्टिफिकेट विकायचं, हा धंदा मला पटत नाही. दोन वर्षं चालेल, मग नाव खराब होईल, आणि छोट्या गावात नाव गेलं की दुकान गेलं. त्यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीला भेटा. त्या समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात. बंद पडलेली लॅब दुरुस्त करून वर्षभर सांभाळतो, महिन्याला इतके घेईन, असा एका पानाचा प्रस्ताव द्या. लगेच हो म्हणतील असं नाही, आणि पैसे उशिरा येतील हे धरूनच चाला. म्हणून सुरुवातीला एकच शाळा घ्या.

दुरुस्तीचा दर कसा काढायचा, सुटे भाग आणि पेट्रोल धरून, याची शीट पुढच्या व्हिडिओत करून दाखवतो. वही-पेन नको, मोबाईल चार्ज करून बसा.