डायलअप गेलं कुठे? तुमच्याच खिशात आहे!

रात्रीचे साडेनऊ. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख. दिवसभर कॉलेज, मग एसटी, मग घरची कामं. आता कुठे फॉर्म उघडला, तर मेसेज येतो, तुमचा आजचा डेटा संपला. नेट बंद पडत नाही म्हणा, चालूच असतं. फक्त गोल फिरत राहतं. फोटो अपलोड होईपर्यंत सेशन संपतं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, पुन्हा तोच गोल. घनसावंगी, मंठा, जाफराबाद, भोकरदन... तालुका कोणताही घ्या, यातलं काही तुम्हाला नवीन नसणार.

तुमच्यापैकी बहुतेकांनी डायलअप पाहिलेलं नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते टेलिफोनच्या तारेवरून. मोडेम आधी नंबर फिरवायचा, मग किर्रर्र-टुंग असा आवाज काढत पलीकडच्या मोडेमशी बोलणी करायचा. तेवढ्यात घरात कुणी रिसिव्हर उचलला की खेळ खल्लास. आमच्या पिढीने जालन्यातल्या कॅफेत एक निकाल बघायला तासाचे पैसे मोजलेत.

त्या मोडेमची कमाल मर्यादा होती ५६ केबीपीएस. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे अगदी नशीब जोरावर असलं तरी सेकंदाला सात किलोबाइट. ५ एमबीचं एक गाणं उतरवायला बारा मिनिटं. गावात तेवढंही मिळायचं नाही, कारण टेलिफोनची तार आवाजासाठी टाकलेली. एक्स्चेंज लांब, तारेला ठिकठिकाणी जोड, पावसात खरखर. खरखर वाढली की मोडेम आपोआप वेग कमी करायचा.

आता तुमचा रिचार्ज प्लॅन काढा आणि खालची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपल्यावर वेग किती राहतो? ६४ केबीपीएस! ५६ आणि ६४. तीस वर्षांत आपण आठ केबीपीएस पुढे आलो, राव.

केंद्राचा दूरसंचार विभाग ज्याला 'ब्रॉडबँड' म्हणतो त्याची किमान पातळी २००४ मध्ये २५६ केबीपीएस होती, २०१३ मध्ये ५१२ झाली, आणि २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस केली गेली. ६४ केबीपीएस हा त्याचा एकतिसावा भाग. २ एमबीचं एक साधं वेबपेज या वेगाने उघडायला चार मिनिटांहून जास्त वेळ लागतो, तोही मध्ये काही अडलं नाही तर. सरकारी पोर्टल एवढा वेळ तुमची वाट बघत नाही.

"मग मोठा रिचार्ज मारायचा ना," असं शहरातला मित्र सहज म्हणतो. त्याला सांगा, घरात एकच स्मार्टफोन असतो, त्यावर धाकटीचा अभ्यास, आईचा व्हिडिओ कॉल आणि वडिलांचे मोसंबीचे भाव हे सगळं चालतं. आणि डेटा शिल्लक असला तरी रात्री आठनंतर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. काड्या चार दिसतात, पण पान उघडत नाही. त्याचं कारण असं की काड्या सिग्नलची ताकद दाखवतात, वेग नाही. टॉवरचा वेग त्याच्या टापूतल्या सगळ्यांत वाटला जातो. टॉवर पुढे फायबरने जोडलेला नसेल, मायक्रोवेव्हच्या तबकडीवरून पुढच्या टॉवरला माहिती देत असेल, तर ती वाट आधीच अरुंद. संध्याकाळी सगळे एकदम त्या वाटेवर आले की कोंडी होणारच. त्यात लाइट गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की संपलं.

मग उपाय काय? उपाय कागदावर २०११ पासून आहे. त्या वर्षी केंद्राने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे 'भारतनेट' झाली. प्रत्येक ग्रामपंचायतीला किमान १०० एमबीपीएस, असं ठरलं होतं. मुदत मात्र पुन्हा पुन्हा पुढे गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेला सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. त्यात एक शहाणपणाची गोष्ट आहे. आधी केबल सरळ रेषेत जायची. रस्त्याच्या कामात जेसीबीने एका जागी तोडली की पुढची सगळी गावं अंधारात. आता जोडणी रिंगणासारखी करायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट येत राहील.

पण फायबर ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत येणं वेगळं आणि तुमच्या मोबाइलपर्यंत पोहोचणं वेगळं. तुम्ही कधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारलंय का, की ती पेटी चालू आहे की नुसती टांगलेली? बॅटरी आहे? त्यावरून शाळेला, वाचनालयाला कनेक्शन दिलंय का? मीही बरीच वर्षं विचारलं नव्हतं. आपण कंपनीला शिव्या देतो, स्टेटस टाकतो आणि गच्चीवर जाऊन रेंज शोधतो.

२०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी डोंगरावर झोपडी बांधून तिथे ऑनलाइन लेक्चर करत होती. सगळ्यांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. कौतुक व्हायलाच हवं. पण एका मुलीला अभ्यासासाठी डोंगर चढावा लागतो, याची लाज कुणाला वाटायला हवी होती? २०१९ मध्येच केरळ उच्च न्यायालयाने एका कॉलेज विद्यार्थिनीच्या प्रकरणात सांगितलं होतं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे. हक्क असेल तर तो जिद्दीवर सोडून चालत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नेटचा वेग हा नशिबाचा नाही, पाणी आणि रस्त्यासारखाच गावाचा प्रश्न समजा. आणि तो आकड्यात मांडा. "नेट लई स्लो आहे" या वाक्याला कुणी उत्तर देत नाही. दूरसंचार नियामक 'ट्राय'चं मायस्पीड ॲप घ्या. आठ दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री वेग मोजा, वहीत तारीख-वेळेसह लिहा. गावातल्या चार मित्रांना चार वस्त्यांवर मोजायला लावा. कंपन्यांना आपले कव्हरेज नकाशे वेबसाइटवर द्यावे लागतात. त्यात तुमचं गाव कसं रंगवलंय ते बघा. तक्रार केली की तक्रार क्रमांक मागून घ्या. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. भारतनेटचं काय झालं, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. अठरा वर्षं पूर्ण झाली आणि गावच्या मतदार यादीत नाव आलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. तिथे बोलायला सरपंचाची परवानगी म्हणजे मेहेरबानी नव्हे. ग्रामसभेत 'गावाचं नेट' हा विषय मांडा, ठराव करून घ्या. पहिल्या वेळी म्हातारी माणसं हसतील. हसू द्या, वही पुढे करा.

कॉलेजलाही सांगा, की फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात कॉम्प्युटर लॅब संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा. जे कॉम्प्युटरचं शिकतायत, त्यांना वेगळी विनंती. उद्या तुम्ही वेबसाइट बनवाल, तेव्हा ती हलकी बनवा. ६४ केबीपीएसवर एकदा उघडून बघा. अर्धा भरलेला फॉर्म सेव्ह राहील, अशी सोय ठेवा. मुंबई-पुण्याच्या ऑफिसात बसून बनवलेल्या चकाचक पानाचा त्रास काय असतो, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

तोवर एक जुनाच सल्ला देतो, डायलअपच्या काळातला. फोटो आणि सह्या आधीच लहान करून ठेवा, फॉर्म पहाटे भरा, शेवटची तारीख गाठू नका. आम्ही तसंच निभावलं. पण आमच्यासारखं निभावून गप्प बसू नका. पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून ठेवा.