विश्लेषण : वळिवड्याचे पाहुणे आणि घरी न परतलेला सेनापती

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, हे आता कुरुंदवाड-शिरोळच्या वाचकालाही ठाऊक आहे. कोल्हापूरच्या आदरातिथ्याचे कौतुकही वारंवार होते. मात्र यातील अनेक कुटुंबे ज्या सेनापतीच्या फौजेबरोबर सोव्हिएत रशियाबाहेर पडली, त्या जनरल व्लादिस्लाव अँडर्स यांचे नाव आपल्याकडे क्वचितच निघते. युद्ध जिंकूनही त्यांना परक्या देशात मरण आले.

अँडर्स कोण होते?

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. दोन्हींशी लढलेले अँडर्स जखमी होऊन पकडले गेले आणि मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात पडले. पूर्व पोलंडमधील लाखो सामान्य लोकांना सैबेरिया व कझाकस्तानात हाकलण्यात आले. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा स्टॅलिनने पोलिश कैद्यांना सोडले. अँडर्स तुरुंगातून थेट नव्या पोलिश फौजेचे प्रमुख झाले.

वळिवड्याशी संबंध काय?

१९४२ मध्ये ही फौज इराणमध्ये आली. सैन्याबरोबर बायका-मुलांनाही बाहेर काढायचे, असा अँडर्स यांचा आग्रह होता. अशी एक लाखाहून अधिक माणसे सुटली. सैनिक आघाडीवर गेले आणि कुटुंबांपैकी काही वळिवड्यात आली. म्हणून छावणीत बायका, मुले आणि म्हातारी माणसेच जास्त होती.

मराठा जवान कुठे भेटतात?

इटलीत. १८ मे १९४४ रोजी अँडर्स यांच्या पोलिश कोअरने माँटे कॅसिनोचा मठ घेतला. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याच चढाईत पोलिश सैनिक २१ एप्रिलला बोलोन्यात शिरले. इकडे पोलिश मुले पंचगंगेकाठी वाढत होती, तिकडे त्यांचे बाप-भाऊ आपल्या जवानांच्या बाजूने लढत होते.

जिंकूनही घर का गेले?

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे दोस्त राष्ट्रांनी पूर्व पोलंड स्टॅलिनला देऊन टाकला. अँडर्स यांच्या असंख्य सैनिकांची घरे तिथेच होती. १९४६ मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने अँडर्स यांचे नागरिकत्व काढून घेतले. त्याच वर्षी लंडनमध्ये विजय संचलन झाले, त्यात ही फौज नव्हती. हजारो सैनिक ब्रिटनमध्येच स्थायिक झाले आणि वळिवड्यातील अनेक कुटुंबे त्यांच्याकडे गेली. अँडर्स १२ मे १९७० रोजी लंडनमध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना माँटे कॅसिनो येथे सैनिकांच्या शेजारी पुरण्यात आले. नागरिकत्व परत मिळायला १९८९ साल उजाडावे लागले.

आज का आठवायचे?

आपण ही गोष्ट फक्त स्वतःच्या मोठेपणाची म्हणून सांगतो. त्यात निर्वासित म्हणजे आपण आसरा दिलेला दुबळा जीव, एवढेच उरते. खरे तर तो लढलेल्या माणसाचा बाप, बायको किंवा मुलगी असतो आणि त्याचे घर दुसऱ्यांनी नकाशावर ओढलेल्या रेघेने हिरावलेले असते. हे आपल्याला परके नाही. पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या त्याच बराकींत फाळणीचे सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर उभे राहिले.

वॉर्सात माँटे कॅसिनोच्या स्मारकाजवळच कोल्हापूरचेही स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी दोन्ही ठिकाणी अभिवादन केले. तिकडे जोडलेले हे दोन धागे इकडे मात्र सुटेच आहेत. वळिवड्याला शाळेची सहल नेताना शिक्षकांनी मुलांना महाराजांच्या औदार्याबरोबर अँडर्स आणि नामदेव जाधव यांचीही गोष्ट सांगावी. पाहुणचाराचा अभिमान जरूर बाळगावा, पण पाहुणा कोणते घर गमावून आला होता, हेही माहीत असावे.